अनधिकृत तारांगण

ज्या गावाला समुद्र नाही त्या गावच्या रहिवाशाने समुद्र बाळगू नये, असा कोणताही लेखी कायदा महाराष्ट्र राज्यात अस्तित्वात नाही. आणि म्हणूनच, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, लाव्हारसाच्या काळ्या पाषाणावर वसलेल्या रावेत येथे, मुकाई चौकापासून फार दूर नसलेल्या एका गृहसंकुलाच्या नवव्या मजल्यावर, आमच्या चिरंजीवांच्या हट्टास्तव आणि सुदैवाने त्यांच्याच खर्चाने, दोनशे लिटर समुद्राची स्थापना झाली. चिरंजीव हिंजवडीस संगणकाच्या नोकरीत आहेत. ज्यांना दिवसभर पडद्यावर सरकणारी अक्षरे पाहावी लागतात त्यांना संध्याकाळी काचेआड सरकणारे मासे पाहावेसे वाटावे, हे मी समजू शकतो. परंतु माशांच्या आधी, माशांच्या नंतर आणि माशांच्या अनुज्ञेवाचून त्या समुद्रात आणखी काय काय सरकू लागेल, याची कल्पना ना चिरंजीवांना होती, ना टाकी विकणाऱ्याने ती दिली.

मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले तेव्हा समोरचा रस्ता ओलांडला की साक्षात अरबी समुद्र होता. रावेतच्या समुद्राचा उगम मात्र पवना नदीत आहे. या नदीवरील ज्या बंधाऱ्यापासून पिंपरी-चिंचवडचे पाणी उचलले जाते तो बंधारा रावेतचाच. तेथून ते पाणी निगडीच्या शुद्धीकरण केंद्रात जाते, शुद्ध होते, सबंध शहरास वाटले जाते, आणि ज्या गावातून ते निघाले त्या गावासही इतर शहराप्रमाणेच दिवसाआड मिळते. २०१९ च्या नोव्हेंबरात ही दिवसाआडची व्यवस्था तात्पुरती म्हणून सुरू झाली व तात्पुरत्या गोष्टींच्या स्वभावधर्मास अनुसरून वर्षानुवर्षे टिकली. अशा या मौल्यवान पाण्यातील उरलेसुरले क्षारही समुद्रातील प्राण्यांस मानवत नाहीत, म्हणून ते आणखी एका यंत्रातून गाळावे लागते. आणि हे यंत्र जेवढे पाणी देते त्याहून अधिक मोरीत सोडून देते. "अहो, नळाला पाणी येईल त्या दिवशी आधी घागरी भरायच्या की समुद्र भरायचा, ते एकदा ठरवून सांगा," असा प्रश्न आमच्या कुटुंबाने विचारला, तेव्हा चिरंजीव व मी दोघेही रेफ्रॅक्टोमीटर नावाच्या दुर्बिणीसारख्या दिसणाऱ्या उपकरणातून क्षारता पाहण्यात अत्यंत गढून गेलो होतो.

पाणी गाळून झाल्यावर त्यातून जे काढले तेच, परंतु निराळ्या प्रमाणात, पुन्हा विकत आणून घालावयाचे असते. लिटरमागे ३५ ग्रॅम या हिशेबाने दोनशे लिटरांस सात किलो मीठ लागते. आणि हे मीठ वाण्याकडचे चालत नाही, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आदी क्षार समुद्राच्या प्रमाणातच असावे लागतात. एवढे करूनही मासे लगेच सोडता येत नाहीत. माशांच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया विषारी. एका जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ही दोन्ही खाती नीट कामास लागेपर्यंत काही आठवडे जातात. त्या काळात घरी आलेल्या पाहुण्यांस निव्वळ पाणी दाखवावे लागते. पाहुणेही सभ्य असतात. ते पाण्याची स्तुती करतात.

या जीवाणूंना राहावयास जागा हवी म्हणून टाकीत खडक ठेवतात, आणि अनधिकृत वसाहतीचे मूळ या खडकातच आहे. पाश्चात्त्य देशांत या कामी समुद्रातून काढलेला, प्रवाळाच्या सांगाड्यांचा खडक वापरण्याची चाल आहे. आपल्याकडे तो मार्ग बंद आहे. कारण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळांचा समावेश झाला, आणि तेव्हापासून दिवाणखान्यात शोभेकरिता प्रवाळ ठेवणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने वाघ बाळगणाऱ्याच्या पंक्तीस जाऊन बसतो. सबब आमचा खडक कृत्रिम होता. परंतु जीवाणूंचा विरजणासारखा उपयोग व्हावा म्हणून त्यातील दोन तुकडे चिरंजीवांच्या एका स्नेह्याच्या जुन्या टाकीत दीर्घकाळ मुरवून आणलेले होते. या प्रकारास 'जिवंत खडक' म्हणतात. दगड जिवंत म्हणून घरात आणल्यानंतर त्यातून काही जिवंत बाहेर पडले तर तक्रार कोणाकडे करावी, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो.

पहिला तारा शेजारच्या सद्गृहस्थांस दिसला. हे गृहस्थ महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेले असून, आयुष्याची उमेदीची वर्षे तहसील कचेरीत काढल्यामुळे, पृथ्वीवरील यच्चयावत वस्तूंची विभागणी ते 'नोंदीतील' आणि 'बिननोंदीतील' अशा दोनच वर्गांत करतात. रात्री जेवणानंतर ते शतपावली आमच्या दिवाणखान्यात घालीत असता काचेच्या आतल्या अंगास नखाएवढी, राखाडी रंगाची, वेडीवाकडी एक चांदणी चिकटलेली त्यांनी पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली आणि विचारले, "ही असामी कोणाच्या परवानगीने इथे?" तोवर खडकाच्या पाठीमागे दुसरी, पंपाच्या नळीवर तिसरी आणि मिठाच्या पांढऱ्या रेषेखाली चौथी असामी निष्पन्न झाली. अव्वल कारकुनांनी जागेवरच पंचनामा केला. सरहद्दी लिहिल्या : पूर्वेस काच, पश्चिमेस काच, दक्षिणेस काच, उत्तरेस काच व तीमागे भिंत. पंच म्हणून एक मी व दुसरा टाकीतील विदूषक मासा, अशी दोन नावे घातली. त्यांतील एकाने सही करण्यास नकार दिला.

या आगंतुकाचे कुलशील असे. कंटकचर्मी प्राण्यांच्या संघातील हा तारामासा. शौकीन लोक त्यास सरसकट 'अस्टेरिना' म्हणतात, शास्त्रज्ञ त्यांपैकी पुष्कळांना आता 'अक्विलोनास्ट्रा' या वंशात घालतात. आमच्या कोकणात रापण ओढली की जाळ्यात मोठे तारामासे येतात, आणि त्यांना बाजारात गिऱ्हाईक नसल्यामुळे मच्छीमार ते वाळूत फेकून देतात. हा त्यांचा गरीब, ठेंगणा आणि अतिशय चिवट भाऊबंद. पाच भुजा असाव्यात अशी कुळाची रीत, परंतु याच्या भुजा सहा असतात, सात असतात, त्यातही तीन लांब व उरलेल्या आखूड. याचे कारण त्याच्या प्रजोत्पादनात आहे. या कामी त्याला जोडीदार, मुहूर्त वा मंगल कार्यालय यांपैकी कशाचीच गरज लागत नाही. तो स्वतःस मधोमध फाडतो, अर्धा डावीकडे जातो, अर्धा उजवीकडे जातो, आणि दोघेही उरलेल्या भुजा सावकाश उगवून घेतात. वाटणीनंतर दोन्ही हिस्सेदारांना संपूर्ण इस्टेट मिळाल्याचे हे एकमेव उदाहरण अव्वल कारकुनांच्या ऐकिवात आले असावे. कारण ते ऐकून त्यांनी बराच वेळ मान हलविली.

तारामाशाला मेंदू नाही. मुखाभोवती एक मज्जातंतूंचे कडे असते, त्यातून प्रत्येक भुजेस एकेक मज्जातंतू जातो, आणि कोणती भुजा पुढे व कोणत्या मागे, हे त्या त्या वेळी ठरते. सर्व भुजा समान असून कायमचा अध्यक्ष असा कोणीच नाही. तरीसुद्धा हा प्राणी निश्चित स्थळी पोहोचतो, ही गोष्ट मी आमच्या संस्थेच्या कार्यकारी मंडळाच्या सभेत अध्यक्षांच्या कानावर घालणार होतो, परंतु गणपूर्तीअभावी सभाच तहकूब झाली. त्याच्या शरीरात नळ्यांचे जाळे असते, त्यांत समुद्राचेच पाणी खेळते आणि त्या पाण्याच्या दाबाने शेकडो सूक्ष्म नलिकापाद पुढे सरतात, चिकटतात, सुटतात. प्रत्येक भुजेच्या टोकास एक डोळ्याचा ठिपका असतो, त्यास उजेड-अंधार कळतो. आणि जेवणाच्या वेळी तो अन्न पोटात घेण्याऐवजी पोटच बाहेर काढून अन्नावर पसरतो. हे शेवटचे वर्णन कुटुंबाने स्वयंपाकघरातून ऐकले व चिरंजीवांस बजावले, "हे जेवायच्या वेळी सांगायचं नाही."

निष्कासनाचे उपाय सुचविण्यास मग प्रारंभ झाला, आणि या बाबतीत रावेतमध्ये तज्ज्ञांची कधीच वाण पडत नाही. पहिला उपाय कुटुंबाचा : "पवनामाईत सोडून द्या सगळे. गणपती सोडतो तसे." भावना उदात्त होती, परंतु कंटकचर्मी संघात गोड्या पाण्यात जगणारी एकही जात नाही, शरीरातील क्षारांचे प्रमाण सांभाळण्याची सोय त्यांच्यापाशी नसल्यामुळे गोड्या पाण्यात ते मरतात, आणि ते विसर्जन अतिशय शब्दशः ठरले असते. दुसरा उपाय इमारतीच्या रखवालदाराचा : "साहेब, कात्रीने तुकडे करून टाका." ज्याची सारी प्रजावृद्धीच तुकडे होण्यावर अवलंबून आहे त्याचे तुकडे करणे म्हणजे शत्रूच्या सैन्यभरतीस स्वखर्चाने मदत करणे होय. कालवांची शेती नासविणारे तारामासे परदेशातील मच्छीमार तोडून पुन्हा समुद्रात फेकीत आणि त्यामुळे त्यांची संख्या वाढतच जाई, अशी एक जुनी कथा प्राणिशास्त्र शिकविणारे हटकून सांगतात.

तिसरा उपाय चिरंजीवांच्या त्याच स्नेह्याने सुचविला आणि तो ऐकताच अव्वल कारकुनांचे डोळे चमकले. हार्लेक्विन नावाची एक कोळंबी आहे. अंगावर चित्रविचित्र ठिपके, पुढे चपट्या पानांसारखे पंजे, लांबी फार तर दोन इंच. तारामासा हेच तिचे अन्न, दुसरे काहीही ती शिवत नाही. ती ताऱ्यास उलथा पाडते आणि भुजांच्या टोकापासून सुरुवात करून मध्याकडे सावकाश खात जाते, म्हणजे भोजन संपेपर्यंत भोज्य पदार्थ जिवंत व ताजा राहतो. अशी एक जोडी टाकीत सोडली की थोड्याच काळात तारांगण निरभ्र होते. परंतु पुढे काय? मोहीम फत्ते झाल्यावर शिबंदीचा पगार कोठून द्यावयाचा, या प्रश्नापायी मराठी दौलतीतील भले भले सरदार कर्जबाजारी झाले, हे आपण इतिहासात वाचले आहे, येथेही तेच. तारे संपले की कोळंबी उपाशी मरते, आणि ती मरू नये म्हणून शौकीन लोक बाजारातून मोठा तारामासा विकत आणतात व त्याची एकेक भुजा तिला तनखा म्हणून देतात. ज्या प्राण्याच्या उच्चाटनार्थ नोकर ठेवला, त्या नोकराच्या उदरभरणार्थ तोच प्राणी विकत आणावयाचा, ही अर्थव्यवस्था सरकारी खात्यांस परवडत असेल. चिरंजीवांस ती परवडली नाही.

चौथा उपाय म्हणजे चिमट्याने एकेक तारा उचलून दूर करणे. तो साधा आणि पुष्कळ अंशी परिणामकारक आहे. आणि तारे हाकलून पाहण्याचा हाच उद्योग एका विद्वानाने शास्त्रीय पद्धतीने केलेला असल्यामुळे त्याची हकीकत येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. रॉबर्ट पेन हे अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ १९६३ पासून वॉशिंग्टन राज्याच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील खडकांच्या एका पट्ट्यातून 'पिझास्टर' जातीचे तारामासे वारंवार उचकटून काढीत व समुद्रात भिरकावून देत. शेजारचा पट्टा त्यांनी तसाच ठेवला. ताऱ्यांसारखा मांसभक्षक गेल्यावर इतर प्राण्यांचे रामराज्य होईल, असे कोणासही वाटले असते. झाले उलटेच. ज्या शिणाण्यांना तारे खात असत ते शिणाणे बेसुमार माजले, त्यांनी सारा खडक बळकावला, आणि १९६६ साली पेन यांनी निबंध प्रसिद्ध केला तेव्हा त्या पट्ट्यातील जाती १५ वरून ८ वर आल्या होत्या. ज्याला आपण उपद्रवी समजत होतो तोच इतरांचा वहिवाटीचा हक्क राखून होता. अर्थात पिझास्टर निराळा आणि आमचा नखाएवढा राखाडी जीव निराळा. परंतु कोणासही हाकलण्यापूर्वी तो तेथे काय काम करतो याची चौकशी करावी, एवढा बोध दोघांनाही लागू आहे.

तशी चौकशी आम्ही सुरू केली. रात्री दिवे मालवून, बॅटरीवर तांबडा कागद गुंडाळून, खुर्च्या टाकून आम्ही दोघे वयस्क गृहस्थ काचेसमोर बसू लागलो. या चौकशीत खडकाच्या भेगांतून केसांसारख्या भुजा हलविणारे आणखी एक भाऊबंद उघडकीस आले. हे सर्पतारे, धक्का लागला तर भुजा टाकून पळतात, पुढे ती पुन्हा उगवते, आणि दिवसरात्र तळातील उष्टे-खरकटे वेचून खातात. त्यांना आक्षेप घेण्यास जागाच नव्हती. ते बिनपगारी सफाई कामगार ठरले. राखाडी तारे मात्र काचेवर आणि खडकावर फिरत, आणि ते जेथून गेले तेथील शेवाळाचा पातळ थर नाहीसा झालेला दिसे. काही ठिकाणी खडकावरच्या गुलाबी, चुनखडीयुक्त शेवाळावरही त्यांनी फिकट पट्टे ओढले होते. माशांच्या वाटेस ते कधीही गेले नाहीत. या जातकुळीतील काही तारे प्रवाळवर्गी प्राणी कुरतडतात अशी तक्रार परदेशांत ऐकू येते. पण आमच्या टाकीत प्रवाळ नव्हतेच, त्यामुळे गुन्हा घडण्यास आवश्यक असलेला फिर्यादीच अस्तित्वात नव्हता.

"मग हे कूळ झालं," अव्वल कारकून म्हणाले. आयुष्यभर कूळकायदा कोळून प्यालेला मनुष्य तो. त्यांनी मला १९४८ चा मुंबई कूळ वहिवाट कायदा तोंडपाठ ऐकविला. १ एप्रिल १९५७ रोजी, कृषकदिनी, जमीन प्रत्यक्ष कसणारे कूळ तिचे मालक मानले गेले. आणि हा प्राणी तर रात्रंदिवस काच कसतो आहे, शेवाळाची मशागत करतो आहे, धन्याला एक पैचाही खर्च नाही. "साहेब, कसेल त्याची काच," असा निकाल देऊन त्यांनी पंचनाम्याच्या कागदाची घडी घातली. मी म्हटले, कूळ म्हणा किंवा न म्हणा, बांधकाम विनापरवाना आहे. त्यावर ते मनमुराद हसले. पिंपरी-चिंचवडात राहून विनापरवाना बांधकामाने दचकणारा मनुष्य त्यांनी प्रथमच पाहिला असावा. येथे आधी घरे उठली, मग त्यांच्यावर शास्तीकर बसला, मग तो रद्द व्हावा म्हणून प्रत्येक निवडणुकीत शपथा वाहिल्या गेल्या, आणि अखेर २०२३ साली सरकारने तो माफही केला. ज्या नगरीने माणसांचे एवढे नियमितीकरण पचविले, तिने नखाएवढ्या ताऱ्यांपुढे कायद्याचे पुस्तक उघडावे, हे शोभण्यासारखे नव्हते.

आणि तसे पाहू गेल्यास रावेतमध्ये आगंतुक कोण नाही? १९९७ साली महापालिकेच्या हद्दीत येईपर्यंत हे पवनेकाठचे शेतीचे गाव होते. मग कोणी कारखान्यांपायी, कोणी हिंजवडीपायी, कोणी द्रुतगती मार्गापायी येथे आले. आणि मी स्वतः चिरंजीवांच्या सामानासुमानाबरोबर, फ्रिज आणि पुस्तकांची खोकी यांच्या मधल्या जागेत बसून, सातारहून आलो. खडकाला चिकटून आलेल्या प्राण्यास बिननोंदीचा म्हणण्याचा अधिकार या इमारतीत फारच थोड्यांना आहे.

तथापि संख्येचा प्रश्न उरलाच. चार ताऱ्यांचे नियमितीकरण सहृदयतेने करता येते. परंतु काचेवर जेव्हा नक्षत्रेच्या नक्षत्रे उगवू लागली, तेव्हा चौकशीचा रोख ताऱ्यांवरून त्यांच्या शिधापुरवठ्याकडे वळविणे भाग पडले. प्राणी खाण्यावाचून वाढत नाही. शेवाळ नायट्रेटावाचून वाढत नाही. नायट्रेट उष्ट्या अन्नावाचून वाढत नाही. आणि अन्न कोण घालीत होते? चिरंजीव सकाळी कामावर जाताना चिमूटभर दाणे घालीत. दुपारी कामवाल्या मावशी, मासे काचेशी येऊन तोंड हलवितात हे पाहून, त्यांना भूक लागली असावी म्हणून चिमूटभर घालीत. संध्याकाळी कुटुंब, मुलगा सकाळच्या गडबडीत विसरला असेल या मातृसुलभ शंकेने, चिमूटभर घाली. आणि ही चिमूट आमच्या घरातील मिठाच्या चिमटीच्या मापाची असे. रात्री स्वतः चौकशी अधिकारी, म्हणजे अव्वल कारकून, माशांना निरोप देताना दोन दाणे टाकीत, आणि दोन दाणे हा त्यांच्या पिढीचा विनय होता. ज्या घरात आलेल्या माणसास दुसरी पोळी वाढल्याशिवाय उठू देत नाहीत, त्या घरातील टाकीत तारे माजतील नाही तर काय होईल?

डबा कुलपात गेला. दाणे दिवसातून एकदा, मासे दोन मिनिटांत संपवतील एवढेच, आणि तेही एकाच हाताने, असा लेखी हुकूम टाकीवर चिकटविण्यात आला. दिव्याचे तास कमी झाले. पाण्याचा काही भाग नियमाने बदलला जाऊ लागला. काचेवरील ताऱ्यांची पुढे हळूहळू विरळ होत गेलेली गर्दी पाहून कोळंबीची शिबंदी ठेवण्याचा विचार कायमचा दप्तरी दाखल झाला. काही तारे राहिले आहेत, ते राहतील. अजून उरलेल्यांची काळजी करणाऱ्यांनी चिमटा वापरावा. पवनेत किंवा समुद्रात मात्र कदापि सोडू नये, कारण नदीत ते मरतात आणि समुद्रात ते परक्या मुलखातील असण्याचा संभव असल्यामुळे दुसऱ्यांना मारू शकतात.

नव्या टाकीत असा अनाहूत तारा दिसला म्हणून ज्या वाचकांची झोप उडाली असेल त्यांना माझे एवढेच सांगणे आहे : नखाएवढा, राखाडी आणि वेड्यावाकड्या भुजांचा असेल तर त्याला राहू द्या, केसांसारख्या भुजांचा असेल तर त्याचे आभार माना, आणि त्यांची संख्या वाढू लागली तर टाकीतील ताऱ्यांची शिरगणती करण्याआधी घरात दाणे टाकणाऱ्या हातांची शिरगणती करा.